बॅगवेलची वेल

माझा भाचा अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात असतो. दोन वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात त्यानं मला फोनवर एक फोटो पाठवला. त्याच्या शेजाऱ्याच्या अंगणात दोन उंच खांबांवर सुतळ्या ताणलेल्या, त्यावरून दुमजली घराएवढी चढलेली हिरवीगार वेल आणि तिला पोपटी रंगाच्या, कागदी पाकळ्यांच्या लहान शंकूंचे घोस. खाली प्रश्न : 'मामू, याला मराठीत काय म्हणतात?'

ती हॉप्सची वेल होती. तिला मराठीत नाव नाही, कारण ती आपल्याकडची नाहीच. तिला हिवाळ्यात कडक थंडी लागते आणि उन्हाळ्यात लांबलचक दिवस. आपल्या देशात ती पिकते ती थेट हिमाचल प्रदेशातल्या लाहौलमध्ये. भाच्याचा शेजारी ही वेल कशासाठी लावतो? तर घरच्या घरी बिअर बनवण्यासाठी.

आता तुम्ही म्हणाल, हा माणूस आयुष्यात कधी थेंबाला शिवला नाही, आणि बिअरच्या वेलीवर बोलायला बसला! माझे मित्रही हेच म्हणाले. पण मंडळी, वेलीबद्दल वाचता वाचता मला एक नोंद सापडली, आणि ती काही केल्या मनातून जाईना. नोंद एवढीच, की बॅगवेल नावाच्या माणसाकडून साठ पौंड हॉप्स घेतले आणि वीस डॉलर दिले. विकत घेणारा होता थॉमस जेफर्सन, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा लेखक आणि त्या देशाचा तिसरा अध्यक्ष. आणि विकणारा बॅगवेल ग्रेंजर हा त्याच जेफर्सनचा गुलाम होता.

ज्याचं स्वतःचं शरीरही स्वतःच्या मालकीचं नाही, तो माणूस आपल्या मालकाला काहीतरी विकतो आणि त्याचे पैसे घेतो. हे कसं? आजची गोष्ट ही त्याचीच आहे.

आधी वेलीविषयी थोडं सांगतो. हॉप्स ही भांगेच्या कुळातली वनस्पती. नर वेल वेगळी, मादी वेल वेगळी, आणि बिअरला उपयोगी पडतात ते मादी वेलीचे शंकू. शंकू उकलला की आत पिवळी धूळ दिसते. कडूपणा आणि सुवास सगळा त्या धुळीत. मोड आलेल्या धान्याचं गोडसर पाणी त्या कडूपणानं तोललं जातं आणि पेय लवकर नासत नाही. बाराव्या शतकातली जर्मन जोगीण हिल्डेगार्ड हिनंही हॉप्सचा हा टिकवण्याचा गुण लिहून ठेवला आहे. १५१६ साली बव्हेरियाच्या ड्यूकनं कायदाच केला, की बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी याखेरीज काही घालायचं नाही.

घरी लावायला ही वेल सोपी. बी पेरत नाहीत. जमिनीखालच्या मुळीचा तुकडा वसंतात लावतात. पहिल्या वर्षी पीक बेताचंच. पण मूळ एकदा धरलं की दर हिवाळ्यात वरची वेल मरते आणि दर वसंतात खालून नवी फुटते. पंधरा-वीस फूट ती सहज चढते, आणि आधाराला घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनंच वळसे घालते. उन्हाळा सरता सरता शंकू हाताला कागदासारखे लागू लागले, की तोडायचे आणि लगेच वाऱ्यावर, सावलीत वाळवायचे. उशीर झाला तर माल गेला.

आता जेफर्सनच्या घरी जाऊ. व्हर्जिनियात शार्लट्सव्हिलजवळच्या टेकडीवर त्याचं घर होतं, माँटिसेलो. १७७२ साली मार्था ही त्याची पत्नी म्हणून त्या घरात आली, आणि त्याच वर्षापासून तिच्या हिशेबवहीत घरी गाळलेल्या हलक्या बिअरच्या नोंदी दिसतात. त्या काळी ही हलकी बिअर म्हणजे जेवणाच्या टेबलावरचं रोजचं पेय. भाकरी भाजावी तशी बाई ती घरी करायची. 'करायची' म्हणजे करवून घ्यायची. १७७३ साली मार्थाच्या इच्छेवरून जेफर्सननं अर्सुला नावाची बाई आणि तिची दोन लहान मुलं विकत घेतली. अर्सुलाचा पुढे जन्मलेला मुलगा आयझॅक, यानं म्हातारपणी १८४७ साली आपल्या आठवणी सांगितल्या आहेत. मालकीणबाई पाकपुस्तक हातात घेऊन स्वयंपाकघरात यायच्या आणि ते वाचून आपल्या आईला केक कसा करायचा ते सांगायच्या, असं तो म्हणतो. पुस्तक एकीच्या हातात आणि पीठ दुसरीच्या! आयझॅकच्या आधीच्या, आईबरोबर विकत आलेल्या त्या दोन मुलांपैकी एक होता बॅगवेल.

बॅगवेल मोठेपणी शेतमजूर झाला. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत मालकाचं शेत. मात्र माँटिसेलोवरच्या गुलामांना झोपडीजवळ लहानसं परसू करता येई. त्यात राबायचं ते रात्री, नाहीतर रविवारी. तिथली अंडी, कोंबड्या, भाजीपाला ते मालकाच्याच घरी विकत. १८०५ ते १८०८ या वर्षांतल्या अशा खरेद्या जेफर्सनच्या नातीनं, ॲन कॅरी रँडॉल्फनं, वहीत मांडून ठेवल्या आहेत.

पण या परसाला एक अट होती. १७९८ साली जावयाला लिहिलेल्या पत्रात जेफर्सननं ती स्वच्छ सांगितली आहे. गुलामांनी स्वतःसाठी तंबाखू लावणं जावयानं बंद केलं, याबद्दल त्यानं आभार मानले आहेत. मळ्यात जे पिकत नाही तेवढंच त्यांना पिकवू द्यावं. त्यांचं काय आणि आपलं काय, यात रेघ ओढायला दुसरा उपाय नाही, असं त्याचं म्हणणं.

हे वाचलं आणि पुस्तक मिटून मी बराच वेळ बसून राहिलो. आमचे अब्बा सोलापूर जिल्ह्यात एका बागायतदाराच्या मळ्यात वाट्यानं राबायचे. आमच्या घरामागं चार हात परसू होतं. मालकांची सक्त ताकीद होती, की मळ्यात जे आहे ते परसात लावायचं नाही. कांदा नाही, वांगी नाही, मिरची नाही. उद्या बाजारात कांदा विकताना दिसलात तर तो कुणाचा, हे कसं कळणार? म्हणून अम्मीनं दोडका आणि घोसाळी लावली. वेल कुडावरून छपरावर चढायची. गुरुवारच्या बाजाराला अम्मी पाटी घेऊन जायची आणि आलेले पैसे डालड्याच्या डब्यात टाकायची. त्या डब्याला अब्बाही हात लावत नसत. माझ्या मॅट्रिकच्या परीक्षेची फी त्यातूनच भरली गेली.

गैरसमज नको. अब्बा गुलाम नव्हते. न पटतं तर दुसऱ्या दिवशी ते मळा सोडून जाऊ शकत होते, आणि आम्हा भावंडांना कुणी विकू शकत नव्हतं. या दोन गोष्टींची बरोबरी करण्याचं पाप मी करणार नाही. पण ती रेघ मला ओळखीची होती.

आता त्या साठ पौंडांचा हिशेब करू. ताज्या शंकूत पाचातले चार भाग पाणी असतं. विकलेला माल वाळलेला असेल, तर बॅगवेलच्या घरच्यांनी तीनशे पौंडांच्या आसपास ओले शंकू तोडले असणार. शंकू तोडायचा तो एकेक, हातानं. त्याला वजन जवळजवळ नाहीच. दिवसभर मालकाचं शेत करून उरलेल्या उजेडात हे काम. वीस डॉलर कुणी खैरात म्हणून दिलेले नव्हते.

आणि गाळणाऱ्याची गोष्ट तर याहून विलक्षण आहे. मार्था १७८२ साली वारली. पुढे १८१२ चं युद्ध सुरू झालं, तेव्हा जोसेफ मिलर नावाचा एक इंग्रज बिअर-कारागीर माँटिसेलोच्या परिसरात अडकून पडला. १८१३ साली जेफर्सननं पीटर हेमिंग्ज या आपल्या गुलामाला त्याच्या हाताखाली दिलं. पीटर मूळचा आचारी. त्याचा भाऊ जेम्स पॅरिसमध्ये फ्रेंच स्वयंपाक शिकून आलेला. पीटरला स्वयंपाक शिकवून तयार कर, मग तुला मुक्त करीन, या करारावर जेम्सनं स्वतःची सुटका करून घेतली होती. पीटर मात्र मागं राहिला.

पीटर आता माल्ट करायला शिकला. माल्ट म्हणजे नाचणीच्या सत्त्वासाठी आपण करतो तसंच : धान्य भिजवायचं, मोड आणायचे, वाळवायचं. आसपास जव पिकत नव्हता, म्हणून त्यानं गहू वापरला. एका बुशेल माल्टमध्ये आठ-दहा गॅलनच बिअर करायची, पाणी वाढवायचं नाही, असा घरचा दंडक. तिची कीर्ती झाली. १८२० साली जेफर्सननं मित्र जेम्स मॅडिसनला कळवलं, की तुमचा माणूस पाठवा, पीटर त्याला शिकवील. त्यानं पीटरची हुशारी आणि चिकाटी वाखाणली. पुढच्या वर्षी व्हर्जिनियाच्या एका माजी गव्हर्नरनं कृती मागितली, तेव्हा जेफर्सननं उत्तर दिलं, की लिहिलेली कृती आपल्याकडे नाही, आणि कृती वाचून हे काम साधेल असं वाटतही नाही. खरंच होतं ते. विद्या पीटरच्या हातात होती. इथं पुस्तक वाचून दाखवणारं कुणी नव्हतं.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. पीटर हा मार्थाचा सावत्र भाऊ होता. तिचे वडील जॉन वेल्स यांना त्यांच्या गुलाम स्त्रीपासून, एलिझाबेथ हेमिंग्जपासून, झालेला मुलगा. हेमिंग्ज घराण्यातल्या मॅडिसननं १८७३ साली हे नातं जाहीरपणे सांगितलं आणि आज इतिहासकार ते मानतात. म्हणजे त्या घरात आधी बहीण बिअर करवून घेत होती आणि चाळीस वर्षांनी भाऊ ती करत होता. एक मालकीण, एक गुलाम.

४ जुलै १८२६ रोजी जेफर्सन वारला. डोक्यावर एक लाख डॉलरहून अधिक कर्ज. मृत्युपत्रात त्यानं पाच गुलामांना मुक्त केलं. त्यात पीटर नव्हता. जानेवारी १८२७ मध्ये माँटिसेलोवर लिलाव झाला. जाहिरात होती एकशे तीस माणसांची. सत्तावन्न वर्षांच्या पीटरची किंमत ठरली शंभर डॉलर. बॅगवेलच्या हॉप्सच्या भावानं पाहिलं तर तीनशे पौंड हॉप्स. त्याचा भाचा डॅनिअल फार्ली स्वतंत्र होता. त्यानं बोली लावली एका डॉलरची, आणि मामा भाच्याच्या हवाली झाला. नंतरचे दिवस पीटरनं शार्लट्सव्हिलमध्ये शिंपीकाम करून काढले.

पुढे १९२० साली अमेरिकेत दारूबंदी आली, १९३३ साली उठली. पण घरी बिअर करण्याची मोकळीक मिळायला १९७८ साल उजाडलं. अध्यक्ष जिमी कार्टर यांनी त्या कायद्यावर सही केली. दोन प्रौढ माणसं असलेल्या घराला वर्षाला दोनशे गॅलन, विकायची मात्र नाही. तेव्हापासून तिकडच्या अंगणांत ही वेल पुन्हा चढू लागली. आपल्या हातानं लावावं, आपल्या हातानं तोडावं, आपल्या घरात करावं, यात एक वेगळाच आनंद असतो. तो मला कळतो. त्यासाठी बिअर प्यावी लागत नाही.

भाच्याला मी एवढंच लिहिलं, की याला मराठीत नाव नाही, पण तुझ्या शेजाऱ्याला बॅगवेल आणि पीटर ही नावं सांग. माँटिसेलो त्याच्याच राज्यात आहे. शेजाऱ्यानं ऐकून घेतलं आणि वसंतात मुळीचा एक तुकडा भाच्याला आणून दिला. भाचा बिअर करत नाही. त्यानं ती वेल ओसरीवर सावलीसाठी सोडली आहे.

अम्मी आता नाही. डालड्याचा तो डबा माझ्याकडे आहे. त्यात मी पेनं ठेवतो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)