घर सोडण्याची घटका

वादळ येण्यापूर्वीं कुटुंबानें घर सोडून जावें, कीं दारें-खिडक्या लावून आंतच बसावें, हा प्रश्न पुस्तकांत वाचतांना सोपा वाटतो. वादळ होऊन गेल्यावर त्याचें उत्तर कोणीही देऊं शकतो. पण ज्या घटकेला तें द्यावयाचें असतें त्या घटकेला चुलीवर अन्न शिजत असतें, घरांत एखादें माणूस अंथरुणाला खिळलेलें असतें, आणि ज्या छपराखालीं आपण इतकीं वर्षें निर्धास्त निजलों तेंच आपला घात करील ही कल्पना मनाला शिवत नाहीं. लढाईच्या आदल्या रात्रीचें वर्णन इतिहासकार मोठ्या हौसेनें करितात. वादळाच्या आदल्या दिवशीं घराघरांतून जी वाटाघाट चालते तिच्याकडे मात्र ते क्वचितच वळतात. अशा एका वाटाघाटीची हकीकत आम्ही येथें सांगणार आहों. तींतील दोघेही भाऊ हवामानखात्याचे अंमलदार होते, म्हणून ती विशेष विचार करण्याजोगी आहे.

अमेरिकेंतील टेक्सस संस्थानाच्या किनाऱ्यालगत गॅल्व्हेस्टन नांवाचें वाळूचें चिंचोळें बेट आहे. १९०० सालीं तेथील शहरांत सुमारें अडतीस हजार लोकवस्ती होती. कापसाच्या व्यापारावर तें गबर झालेलें होतें. पण त्याची सर्वांत उंच जागा समुद्रसपाटीपासून नऊ फूटदेखील नव्हती. याच किनाऱ्यावरील इंडियानोला हें बंदर १८७५ आणि १८८६ सालच्या वादळांनीं धुऊन नेलें, आणि दुसऱ्या आघातानंतर लोकांनीं तें सोडूनच दिलें. हें पाहून गॅल्व्हेस्टनकरांना समुद्राकडे भिंत बांधावी असें वाटूं लागलें, तें अगदीं साहजिक होतें. परंतु १८९१ सालीं तेथील हवामानखात्याचा मुख्य आयझॅक क्लाइन यानें स्थानिक वर्तमानपत्रांत लेख लिहून या भीतीला भ्रम ठरविलें. त्याचें म्हणणें असें कीं, किनाऱ्यापुढील समुद्र उथळ व हळूहळू उतरता असल्यामुळें लाटांचा जोर वाटेंतच मोडेल. वस्तुस्थिति नेमकी याच्या उलट आहे. वाऱ्यानें रेटलेल्या पाण्याला खोल समुद्रांत खालीं वाट मिळते. उथळ समुद्रांत ती मिळत नाहीं, आणि पाणी फुगून जमिनीवर चढतें. भिंत बांधली गेली नाहीं. त्याचा सगळा दोष एका लेखावर टाकणें बरोबर होणार नाहीं. खर्च टाळूं पाहणाऱ्यांना शास्त्राचा आधार हवा होता, तो त्यांस मिळाला इतकेंच.

सप्टेंबर १९०० च्या आरंभीं क्यूबावरून एक वादळ पुढें सरकलें. तें पश्चिमेकडे, आखातांत शिरेल असें हवानाच्या बेलेन वेधशाळेंतील जेझुइट पाद्र्यांचें मत होतें. त्या बेटांतील वादळविद्या जुनी आणि अनुभवानें कसलेली. परंतु क्यूबा त्या वेळीं अमेरिकन लष्कराच्या ताब्यांत होता, आणि वॉशिंग्टनच्या हवामानखात्यानें तेथील वेधशाळांच्या तारा बंद करविल्या होत्या. वॉशिंग्टनचा अदमास असा कीं, वादळ फ्लोरिडावरून वळून अटलांटिककडे जाईल. जित लोकांचें ज्ञान जेत्याला ऐकूं येत नाहीं, हा अनुभव आम्हां हिंदी लोकांस कांहीं नवा नाहीं.

शुक्रवारीं, ७ तारखेस, गॅल्व्हेस्टनमध्यें वादळाचें निशाण चढलें. शनिवारीं पहांटे क्लाइनला एक विलक्षण गोष्ट दिसली: वारा उत्तरेचा, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा, आणि तरीही समुद्र त्या वाऱ्यावर मात करून गल्ल्यांत चढत होता. तशी तार त्यानें वॉशिंग्टनला केली. गांवांत मात्र मुलें रस्त्यांतल्या पाण्यांत खेळत होतीं, आणि मोठीं माणसें लाटांची मौज पाहण्यास किनाऱ्यावर जमलीं होतीं. बेट व मुख्य भूमि यांना जोडणारे तीन रेल्वेचे आणि एक गाड्यांचा, असे चारच पूल. मध्यान्हाच्या सुमारास तेही पाण्याखालीं गेले. घर सोडण्याची खरी घटका कोणाला न कळतां अशा रीतीनें सकाळींच निघून गेली होती.

दुपारनंतर जी तयारी चालली ती जाण्याची नव्हे, राहण्याची. कित्येकांनीं आपल्याच हातानें कुऱ्हाड घेऊन दिवाणखान्याच्या लांकडी जमिनीला भोकें पाडलीं. पाणी आंत शिरलें तर घर जड होऊन जागेवर राहील, नाहीं तर नावेसारखें तरंगून पायावरून सुटेल, असा त्यांचा हिशेब. ज्या जमिनीवर मुलें रांगलीं ती फोडतांना त्या गृहस्थांस काय वाटलें असेल याची कल्पना वाचकांनींच करावी.

क्लाइनचें घर समुद्रापासून थोड्याच अंतरावर, दुमजली आणि मुद्दाम भक्कम बांधलेलें. त्या भरंवशावर शेजारपाजारचीं मिळून सुमारें पन्नास माणसें तेथें जमलीं. आयझॅकची पत्नी कोरा गरोदर असून आजारी, अंथरुणावर पडलेली; पदरीं तीन मुली. धाकटा भाऊ जोझेफ हा त्याच कचेरींत काम करणारा. तो संध्याकाळीं छातीभर पाण्यांतून घरीं आला आणि म्हणाला, सर्वांनीं शहराच्या मध्यभागीं, उंच जागीं जावें. आयझॅकनें नकार दिला. आजारी बायकोला त्या पाण्यांतून कसें न्यावें? शिवाय १८८५ च्या मोठ्या आगीनंतर शहरांत छपरांवर पाटीच्या दगडाच्या फरशा घालण्याचा नियम झाला होता. त्याच फरशा आतां वाऱ्यानें सुटून माणसांचीं डोकीं फोडीत होत्या. दोघांपैकीं कोणाचें बरोबर, हें आम्हांस सांगवत नाहीं. त्या घटकेला घरांतही मृत्यु होता आणि बाहेरही. आयझॅकची चूक त्या संध्याकाळची नव्हे, ती नऊ वर्षांपूर्वींची.

रात्रीं साडेआठच्या सुमारास ट्राममार्गाचा एक मोठा सांगाडा वाहत येऊन घरावर आदळला आणि घर कोसळलें. जोझेफनें दोन मुलींचे हात धरून खिडकींतून उडी घेतली. आयझॅक सर्वांत धाकटीसह पाण्यावर आला. तिन्ही मुली वांचल्या. त्या पन्नासांपैकीं अठराच जिवंत राहिले. कोरेचा देह सप्टेंबरच्या अखेरीस ढिगाऱ्याखालीं सांपडला, तो बोटांतील अंगठीवरून ओळखला गेला. शहरांत निदान सहा हजार माणसें मेलीं. बहुतेक अंदाज आठ हजारांचा आहे.

त्यानंतर सतरा फूट उंचीची भिंत झाली, आणि दोन हजारांहून अधिक इमारती जॅक लावून उचलून त्यांखालीं वाळू भरण्यांत आली. घर सोडण्यापेक्षां घरच वर उचलणें त्या लोकांना सोपें वाटलें. क्लाइनची बदली न्यू ऑर्लीन्सला झाली. १९१५ च्या वादळांत त्यानें सखल किनाऱ्यावरील लोकांना अगोदर निघून जाण्याचे इशारे पाठविले, आणि पुष्कळांनीं ते मानले.

पण इशारा मिळूनही घटका चुकते. जून १९५७ मध्यें लुइझियानांतील कॅमेरॉन येथें ऑड्री वादळाची सूचना आदल्या रात्रीं पोंचली होती. सकाळीं निघूं म्हणून अनेक कुटुंबें निजलीं. पहांटेपर्यंत रस्ते बुडाले आणि चारशेंहून अधिक माणसें दगावलीं. ती आठवण ताजी असतांनाच १९६१ सालीं कार्ला वादळ आलें. या वेळीं दूरचित्रवाणीवर रडारचें चित्र नकाशासह दाखविण्यांत आलें, आणि आपल्या गांवाकडे येणारें तें अजस्र चक्र लोकांनीं डोळ्यांनीं पाहिलें. सुमारें पांच लाख माणसें घरें सोडून निघालीं. कार्ला जुन्या इंडियानोलाच्याच परिसरांत किनाऱ्याला लागलें. तें ऑड्रीहून मोठें होतें, तरी मृत्यु पन्नासाच्या आंत राहिले.

सप्टेंबर २००५ मध्यें रीटा वादळाच्या वेळीं तर वीस लाखांवर लोक निघाले. ह्यूस्टनबाहेरचे रस्ते तासन्‌तास तुंबले. उन्हानें व खोळंब्यानें अनेक जीव गेले. ह्यूस्टनजवळच्या एका वृद्धाश्रमांतील आजारी माणसांना घेऊन निघालेली बस डॅलसनजीक पेटली, आणि तींतील तेवीस जण जळून मेले. वादळ पूर्वेकडे वळलें. ज्या शहरापासून त्यांस दूर नेलें होतें तें बहुतांशीं बचावलें.