ऑल्विनचं घड्याळ आणि बालानगरचे लेथ

ऑल्विन म्हटलं की हैदराबादकराला आधी फ्रिज आठवतो. आमच्या पिढीच्या मनगटावर मात्र ऑल्विनचं घड्याळही होतं. निजाम सरकार आणि अल्लादिन कंपनीने १९४२ साली मिळून काढलेला हा कारखाना. पत्र्याच्या कामापासून सुरुवात झाली, मग बसच्या बॉड्या, फ्रिज, आणि १९८०च्या दशकात जपानच्या सेइकोशी करार करून मनगटी घड्याळं. मी नांदेडहून मीटरगेजने हैदराबादच्या काचीगुड्याला उतरलो आणि बालानगरात टूलरूमच्या कामाला लागलो, तेव्हा लग्नात जावयाला ऑल्विन देणं ही मोठी गोष्ट होती. आपल्या शहराचं नाव आपल्या हातावर आहे, याचा अभिमान मला अजूनही वाटतो.

घड्याळांची हौस या शहराला जुनीच. सुलतान बाजारचा मनोरा १८६५चा. चारमिनारच्या चारही बाजूंना घड्याळं बसली १८८९ साली, महबूब चौकातला मनोरा उभा राहिला १८९२ला, सिकंदराबादचा १८९७ला. सालारजंग म्युझियममधल्या वाजत्या घड्याळासमोर तासाला गर्दी जमते, दाढीवाला बाहुला येऊन ठोके देतो आणि लोक ठोके मोजतात. ते घड्याळ कलकत्त्याच्या कुक अँड केल्व्हीकडून आलेलं, त्याचे भाग इंग्लंडचे. म्हणजे घड्याळं लावणारं, जपणारं, दुरुस्त करणारं हे गाव. लाड बाजारात आणि महबूब चौकात आजही डोळ्याला भिंग लावून बसलेले कारागीर आहेत. बनवणं मात्र ऑल्विनपर्यंत इथे रुजलं नव्हतं.

देशात मनगटी घड्याळं बनवायची सुरुवात १९६१ची, बंगळुरात. एचएमटीने जपानच्या सिटिझनच्या मदतीने कारखाना काढला. तिथल्या ‘जनता’ घड्याळात तासाला १८,००० ठोके पडतात, दिवसाला ४,३२,०००. दहा हजारांत एक ठोका चुकला तरी दिवसाला जवळजवळ नऊ सेकंदांचा फरक पडतो. हे ठोके देणाऱ्या चाकाच्या, म्हणजे बॅलन्सच्या, धुरीचं टोक साधारण एक दशांश मिलिमीटर जाड असतं. टूलरूममध्ये एवढ्या मापाचं काम आम्हीही करायचो, पण तो तुकडा एकदा तपासून हातावेगळा व्हायचा. घड्याळात तोच तुकडा दिवसाला चार लाखांवर वेळा हलतो आणि वर्षानुवर्षं माप सोडत नाही. यंत्रकामाची याहून कडक परीक्षा मला तरी माहीत नाही.

मग बॅटरीवर चालणारं क्वार्ट्झ आलं. १९८७ला होसूरमध्ये टायटनचं उत्पादन सुरू झालं आणि दुकानाचं रूपच बदललं. ऑल्विनचा फ्रिज १९९०च्या दशकात व्होल्टासकडे गेला, घड्याळं बाजारातून दिसेनाशी झाली. एचएमटीची घड्याळं बंद करण्याचा निर्णय २०१६ला झाला. मला ऑल्विनच्या भिंतींपेक्षा तिथल्या माणसांचं जास्त वाईट वाटतं. सगळं ज्ञान एकाच छपराखाली होतं, ते छप्पर गेलं आणि हात पांगले. कुणी रिक्षा घेतली, कुणी किराणा टाकला.

घड्याळ पुन्हा या शहरात बनावं, असं मला मनापासून वाटतं, पण दुसरं ऑल्विन काढून नव्हे. स्वित्झर्लंडच्या जुरा डोंगरात हा धंदा वाढला तो शेतकऱ्यांच्या घरांतून आणि लहान वर्कशॉपांतून. हिवाळ्यात कुणी चाकं कापायचा, कुणी काटे करायचा, कुणी धुऱ्या, आणि ला शो-द-फोंसारख्या गावात ते भाग गोळा होऊन घड्याळ जुळायचं. एक वर्कशॉप बुडालं तरी धंदा बुडत नसे.

बालानगर त्याच बांधणीचं आहे. १९६८ला इथे सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ टूल डिझाइन उभी राहिली. तिथून शिकलेल्या पोरांनी गल्लीगल्लीत लेथ आणि ग्राइंडर लावले. इथली लहान वर्कशॉपं रॉकेटचे आणि क्षेपणास्त्रांचे भाग बनवतात. विशेष धातू लागला तर तो बनवणारी मिधानी याच शहरात आहे. घड्याळाची केस, मागचं झाकण, काटे, स्क्रू, चावीचा दांडा, यातलं इथे न होण्यासारखं काही नाही.

अडतं ते हेअरस्प्रिंगपाशी, म्हणजे बॅलन्सला मागेपुढे हलवणाऱ्या बारीक स्प्रिंगपाशी. तापमान बदललं तरी लवचिकपणा न बदलणारा मिश्रधातू लागतो, त्याची केसाइतकी बारीक पट्टी ओढायची आणि वळवायची. जगात हे काम मोजक्या कंपन्या करतात. बंगळूर वॉच कंपनीसारखे आजचे लहान भारतीय ब्रँडही आतलं यंत्र स्वित्झर्लंडमधून आणतात, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण केसमध्ये परकं यंत्र बसवून आपण थांबलो, तर ऑल्विनची जी गत झाली तीच आपली होईल. टायटनने २००२ला फक्त १.१५ मिलिमीटर जाडीचं यंत्र असलेलं ‘एज’ काढलं. क्वार्ट्झ असलं तरी ते भारतातल्याच माणसांनी केलं, हे विसरू नये.

माझ्या मते पहिलं काम नवं घड्याळ हे नव्हेच. शहरातल्या घराघरांतून जुनी ऑल्विन आणि एचएमटी कपाटात पडून आहेत. कुणाचा चावीचा दांडा तुटलाय, कुणाची काच फुटलीय, कुणाचा स्क्रू हरवलाय. दुरुस्तीवाले हे भाग दुसरी बंद घड्याळं फोडून काढतात. बालानगरातल्या एखाद्या वर्कशॉपने पाच-सहा मॉडेलांचे दांडे आणि स्क्रू करून महबूब चौकात विकले, तर त्यातून मापं जमतील, तपासायची सवय लागेल, आणि भिंग लावलेला कारागीर नि लेथवरचा मुलगा एकमेकांना ओळखू लागतील. दांड्यानंतर चाकं, चाकांनंतर प्लेट. हेअरस्प्रिंग सगळ्यांत शेवटी.