डिलाईल रोड, ना. म. जोशी आणि कलम 9

लांब पोस्ट आहे. नेहमी मी आपल्या गिरणगावातल्या जुन्या इमारती, रस्त्यांची नावं असलं काहीबाही लिहिते. आजही एका रस्त्याच्या नावापासूनच सुरुवात आहे, पण मध्ये माझी स्वतःची गोष्ट येणार आहे. घरच्यांना विचारून लिहितेय.

आपण सगळे अजून डिलाईल रोडच म्हणतो. पाटीवर ना. म. जोशी मार्ग लिहिलेलं असतं. हे जोशी कोण, असं परवा बीडीडीतल्या चार पोरांना विचारलं. एकाने सांगितलं, "नगरसेवक असतील." नारायण मल्हार जोशी कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचे. 1911 साली त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली. 1920 मध्ये आयटक उभी राहिली, तिच्या संस्थापकांतले ते एक. पण मला आज त्यांचं वेगळंच एक काम सांगायचंय. त्यासाठी आधी 2022 च्या जुलैमध्ये जाऊ.

लग्नाला सहा वर्षं झाली होती. त्यातली तीन उपचारांत गेली. इंजेक्शनं, सोनोग्राफ्या, पहाटेच्या रांगा, आणि ऑफिसमध्ये दर वेळी नवी थाप. दाताचं काम आहे, गॅसवाला येणार आहे, गावाला सासूबाईंना बरं नाही. इतक्यांदा दात काढून घेतले की बत्तिशी शिल्लक राहायला नको होती. मग एकदाचे दिवस राहिले. चौदाव्या आठवड्यात गेले.

शुक्रवारी रात्री हॉस्पिटल, शनिवारी दुपारी घरी, आणि मंगळवारी सकाळी मी कामावर हजर. तेव्हा डिलाईलचा पूल बंद होता, करी रोड स्टेशनकडून चालत जावं लागायचं. पोटात कळा येत होत्या, रक्तस्राव थांबलेला नव्हता. आमचं ऑफिस एका जुन्या गिरणीच्या जागेवर उभ्या असलेल्या काचेच्या इमारतीत, नवव्या मजल्यावर. सोमवारची सिक लीव्ह कापली गेली होती. कारण लिहिलं होतं, ताप.

ताप का लिहिलं, याचा मी पुढे पुष्कळ विचार केला. एक तर शब्दच धड नाही आपल्याकडे. गर्भपात. झाला म्हटलं तरी ऐकणाऱ्याला केला असं ऐकू येतं. दुसरं म्हणजे, माझं मलाच वाटत होतं की चूक माझी आहे. लोकलमध्ये उभी राहिले, पाण्याची बादली उचलली, आनंदाच्या भरात आठव्या आठवड्यातच बहिणीला सांगून टाकलं. माहीत असलेल्या दर शंभर गर्भधारणांपैकी साधारण 10 ते 20 अशाच जातात, आणि सुरुवातीच्या महिन्यांत जाणाऱ्या निम्म्याच्या आसपास गर्भांमध्ये गुणसूत्रांचाच दोष असतो, बादलीचा नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. कानात गेलं होतं, आत उतरलं नव्हतं.

त्यात आदल्या वर्षीची एक गोष्ट मनात रुतून होती. चुलतजावेच्या डोहाळजेवणात मी ओटी भरायला पुढे झाले, तर एका मामींनी हसत हसत ताट माझ्या हातातून घेतलं. "असू दे गं, तू बस." कोणी वाईट बोललं नाही. वाईट बोलायची गरजच नव्हती.

मंगळवारी संध्याकाळी घरी आले तर आजी आलेली. वडिलांची आई. मूळ साताऱ्याकडची. एका गिरणीत वाइंडिंग खात्यात पंधराएक वर्षं काम केलेली. कोणी तिला काही सांगितलं नव्हतं, पण तिनं माझ्या चालण्यावरून ओळखलं. म्हणाली, "माजंबी दोनदा पोट पडलं व्हतं. चौथ्या दिशी खात्यात हुबी. नाईकीण म्हनली, बाई, बाळंत झालीस का? न्हाई ना? मग लाग कामाला." (नाईकीण म्हणजे बायकांच्या खात्यावरची मुकादम.) हे तिनं मला चाळीस वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा सांगितलं. माझ्या वडिलांनाही माहीत नव्हतं.

दुसऱ्यांदाचं वर्ष तिला नीट आठवत होतं, कारण कोयनेच्या भूकंपाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. म्हणजे 1966. त्या रात्री झोप लागेना म्हणून मी मोबाईलवर मॅटर्निटी बेनिफिट अ‍ॅक्ट उघडला. खरं तर भांडायला नाही, नुसतं बघायला, की आजीच्या वेळी काही होतं का.

होतं. कायदा 12 डिसेंबर 1961 चा. कलम 9 : गर्भपात झालेल्या स्त्रीला, पुरावा दिल्यावर, त्या दिवसानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा. पुरावा म्हणजे डॉक्टरांचा दाखला. गर्भपात म्हणजे काय तेही कलम 3 मध्ये लिहिलं होतं, सव्विसाव्या आठवड्यापर्यंत केव्हाही. त्यातून आजार उद्भवला तर कलम 10 प्रमाणे आणखी एक महिना. आणि कलम 4 तर मालकालाच सांगत होतं की या सहा आठवड्यांत त्या बाईला कामाला लावायचंच नाही.

म्हणजे 1966 मध्ये आजी चौथ्या दिवशी खात्यात उभी होती तेव्हा हा कागद पाच वर्षांचा झाला होता. मी उभी होते तेव्हा साठ वर्षांचा.

आता जोशींकडे येते. 1919 मध्ये वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेची पहिली बैठक झाली. भारतातल्या कामगारांचे प्रतिनिधी म्हणून तिथे गेले होते जोशी. बाळंतपणात कामगार बाईला रजा आणि भत्ता मिळावा असा करार त्या बैठकीत झाला. भारत सरकारने तो काही स्वीकारला नाही. मुंबई सरकारने तेवढ्यात डॉ. बार्न्स नावाच्या एका डॉक्टर बाईंना गिरण्यांतल्या बायकांची पाहणी करायला नेमलं. त्या चाळींतून फिरल्या. कामावर जाताना आया तान्ह्या बाळांना अफूची गोळी देऊन झोपवून जातात, हे त्यांनी सरकारी कागदावर आणलं. ज्या चाळींविषयी हे लिहिलंय त्यांतल्या काहींच्या जागेवर आज आपले टॉवर आहेत.

1924 साली जोशींनी मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूती भत्त्याचं विधेयक आणलं. कारखाने, खाणी, चहाचे मळे, सगळ्यांसाठी. ते फेटाळलं गेलं. मग लढाई मुंबईच्या कायदेमंडळात आली. 1928 च्या जुलैमध्ये तिथे आसवल्यांच्या विधेयकावर चर्चा झाली, आणि डॉ. आंबेडकर त्याच्या बाजूने उभे राहिले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं यात सगळ्या देशाचं हित आहे, म्हणून खर्चाचा मोठा भार सरकारने उचलायला हवा. पण बाईच्या श्रमातून मालकाला नफा होतो, तेव्हा त्यालाही हात झटकता येणार नाहीत. 1929 साली मुंबईचा कायदा झाला. सात आठवडे, दिवसाला आठ आणे. आज हसू येईल, पण आपल्याकडे बाईच्या शरीराचा हिशेब मालकाच्या वहीत खर्चाच्या बाजूला पहिल्यांदा पडला तो याच वस्तीच्या गिरण्यांमुळे. त्याच वाटेने पुढे 1961 चा केंद्रीय कायदा आला.

त्यात कलम 9 घालणाऱ्यांनी एक फार मोठी गोष्ट मान्य केली होती, असं मला वाटतं. मूल हातात आलं नाही तरी ती बाई आहे, तिचं शरीर आहे, आणि त्याला सहा आठवडे लागतात. रजा बाळासाठी नाही, तिच्यासाठी. आमच्या घरात, नातेवाइकांत, अगदी माझ्या स्वतःच्या डोक्यातसुद्धा हे वाक्य नव्हतं. कायद्यात होतं.

बुधवारी मी एचआरला मेल पाठवला. ताप नव्हता, गर्भपात झाला होता, असं सरळ लिहिलं. हात थरथरत होते, हे कबूल करते. डिस्चार्जचा कागद जोडला. उत्तर आलं, मॅटर्निटी लीव्ह डिलिव्हरीसाठी असते, तुमची सिक लीव्ह शिल्लक आहे ती वापरा. लिहिणारी मुलगी पंचविशीची, मनाने वाईट नाही. तिला खरंच माहीत नव्हतं. मी कलम 9 चा मजकूर जसाच्या तसा चिकटवून परत पाठवला आणि खाली कलम 4 पण टाकलं. मग दोन दिवस शांतता. त्या दोन दिवसांत मला सारखं वाटत होतं की मी फार मागतेय, उगाच तमाशा करतेय, लोक काय म्हणतील. नवऱ्याने एवढंच विचारलं, "पाय मोडला असता तर मागितली असतीस ना रजा?" शुक्रवारी रजा मंजूर झाली. सोमवारची कापलेली सिक लीव्हसुद्धा परत जमा झाली.

त्या रजेत मी पहिले आठ दिवस नुसती झोपले. मग रडले. मग आजीकडे जाऊन बसायला लागले, आणि ती एकेक सांगायला लागली. ते सगळं इथे लिहिणार नाही. एवढंच लिहिते, की दोन्ही वेळचे महिने तिला पाठ होते.

याच काळात नीरा माथूर यांचा खटला वाचला. एलआयसीत नोकरी लागताना बायकांना फॉर्ममध्ये शेवटची पाळी कधी आली, किती वेळा दिवस राहिले, किती गर्भपात झाले, हे भरून द्यावं लागायचं! माथूरबाईंनी गरोदर असल्याचं लपवलं म्हणून त्यांना प्रोबेशनमध्येच काढून टाकलं. त्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. 1991 मध्ये न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं आणि ते रकाने फॉर्ममधून काढून टाकायला सांगितलं. म्हणजे आपली माहिती मालकाला द्यायची की नाही, हे बाईनं ठरवायचं. मी ताप लिहिलं त्याची लाज तिथे जराशी कमी झाली. लपवणं हा माझा हक्क होता. फक्त लपवल्यावर रजा मिळत नाही, ही गोम.

हे सगळं गोड गोड नाही, तेही सांगते. केंद्र सरकारी नोकरीत गर्भपाताची रजा आहे ती अख्ख्या नोकरीत मिळून 45 दिवस. ज्या बाईचं तीनदा, चारदा असं होतं तिनं काय करायचं? 2017 मध्ये बाळंतपणाची रजा 12 वरून 26 आठवडे झाली, मोठा गाजावाजा झाला. कलम 9 चे सहा ते सहाच राहिले. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही सहाच. आणि मूल व्हावं म्हणून जे उपचार घ्यावे लागतात त्यांच्यासाठी या कायद्यात एक दिवससुद्धा नव्हता. इथून चालत जाण्याच्या अंतरावर, केईएममध्ये, 6 ऑगस्ट 1986 ला डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हाताखाली हर्षा चावडाचा जन्म झाला. महापालिकेच्या रुग्णालयात टेस्ट ट्यूब बेबी! गिरणगावाला अभिमान वाटावा अशीच गोष्ट. पण त्याच गिरणगावात आजही बायका दाताचं काम आहे म्हणून सोनोग्राफीला जातात.

आणि जिला मस्टरच नाही तिचं काय? बीडच्या ऊसतोडणीत नवराबायको मिळून एक कोयता धरतात. एक दिवस चुकला की खाडा, आणि खाड्याचे पैसे भरायचे. पोट पडलं तरी खाडा. पाळीच्या तक्रारींनी कामाचे दिवस बुडतात म्हणून तिथल्या बायकांच्या पिशव्याच काढल्या गेल्या. 2019 मध्ये राज्य सरकारच्या समितीपुढे आलेले आकडे आठवत असतील : 82 हजारांहून जास्त बायकांच्या पाहणीत 13 हजारांहून जास्त शस्त्रक्रिया. त्यांना कलम 9 कुठल्या मेलवर पाठवायचं?

रजा संपवून परत गेले तेव्हा आणखी एक गोष्ट केली. 1961 च्या कायद्यातच कलम 19 होतं. या कायद्याचा गोषवारा स्थानिक भाषेत, बायका काम करतात त्या प्रत्येक ठिकाणी, ठळकपणे लावलेला असलाच पाहिजे, असं ते सांगायचं. आमच्याकडे आग विझवण्याच्या सूचना होत्या, गणपतीच्या वर्गणीची नोटीस होती, हे नव्हतं. मी मराठीत एक पानी गोषवारा टाइप केला आणि एचआरच्या त्याच मुलीला दिला. तिनं साहेबांची सही घेतली आणि पाण्याच्या कूलरजवळ लावला. आधी वाचला मात्र उभ्या उभ्या, पूर्ण.

गेल्या वर्षी पुतणीच्या डोहाळजेवणात ओटीचं ताट मीच हातात घेतलं. मामी समोरच होत्या. काही बोलल्या नाहीत. मला मूल अजून नाही. होईल की नाही माहीत नाही. उपचार सध्या थांबवलेत, आमच्या दोघांच्या मर्जीने.

परवा हाऊसकीपिंगच्या एक ताई कूलरपाशी थांबल्या होत्या. फडकं खांद्यावर, बोट कागदावर ठेवून एकेक ओळ वाचत होत्या. मला बघून म्हणाल्या, "मॅडम, हे तुम्हा लोकांसाठीच ना? आम्ही तर कॉन्ट्रॅक्टवर." मी मोबाईल काढला आणि कलम 3 मधली स्त्री या शब्दाची व्याख्या त्यांना मराठीत वाचून दाखवली : थेट किंवा कोणत्याही एजन्सीमार्फत मजुरीवर कामाला ठेवलेली. त्यांनी परत एकदा वाचायला लावली. मग म्हणाल्या, "जरा कागदावर लिहून द्या ना. धाकटी बहीण आहे माझी, शिवडीला कामाला जाते. काल चौथा दिवस होता तिचा."