डोकी, चुली आणि गिऱ्हाईक

२०१० सालच्या उन्हाळ्यात जनगणनेच्या घरयादीचे काम नेहमीप्रमाणे आम्हा शिक्षकांच्या गळ्यात पडले. गणेशगुडीहून आत, डांबरी रस्ता सोडून पायवाटेने गेल्यावर एक कुणबी वाडी लागते. तेथल्या एका सारवलेल्या अंगणात मी पिशवी उघडून बसलो आणि घरच्या म्हाताऱ्या बाईंना छापील प्रश्न विचारू लागलो. रेडिओ आहे का? "आहे, पण बोलत नाही हो." टीव्ही? कॉम्प्युटर? टेलिफोन? एकेका प्रश्नाला मान हलत होती. सायकल म्हटल्यावर मात्र त्या हसल्या. "मास्तर, ह्या चढावर सायकल कोण चढवणार? तिलाच खांद्यावर घेऊन यावे लागेल." मी 'नाही'चा आकडा घातला. स्कूटर, मोटार, बँकेतले खाते. सगळीकडे तोच आकडा. सरकारच्या हिशेबी ते घर रिकामे ठरले.

पण त्याच घराच्या पडवीत मिठाचे पोते होते, सुक्या मासळीच्या माळा होत्या, मिरच्या, कांदे, रॉकेलचा डबा आणि नवी कोरी प्लास्टिकची ताडपत्री होती. पावसाळ्याची बेगमी! गोव्या-कारवाराकडे हिला पुरुमेंत म्हणतात. चार महिने ओढे भरलेले, वाट बंद; तेव्हा लागेल ते मृगाआधी घरात आणून ठेवायचे. हे सारे विकत आणलेले होते. म्हणजे मे महिन्यापुरते तरी ते घर मोठे गिऱ्हाईक होते. माझ्या कागदावर त्यासाठी रकाना नव्हता.

आम्हा सीमाभागातील लोकांना जनगणनेचा एकच तक्ता तोंडपाठ असतो, तो मातृभाषेचा. १९५६ ची राज्य पुनर्रचना असो की १९६७ चा महाजन आयोगाचा अहवाल, आमचे भांडण त्या एका तक्त्याभोवती फिरत राहिले. त्याविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि पुढेही लिहिले जाईल. परंतु याच जाडजूड ग्रंथांचे दुसरे वाचक असतात, त्यांच्याकडे आपले लक्ष जात नाही. ते म्हणजे व्यापारी. कोणत्या वस्तीत साबण खपेल, कोणत्या गावी एजंट नेमावा, कोठे दुकान चालेल, हे ठरविण्यासाठी ते आकड्यांकडे पाहतात. या दुसऱ्या वाचनाचा इतिहास मला अधिक रंजक वाटतो, आणि आमच्यासारख्या जंगलातल्या तालुक्याला तो थोडा जाचकही झाला आहे.

मोजणे आपल्याला नवे नाही. 'खानेसुमारी' हा शब्दच घरांच्या मोजदादीचा आहे. खाना म्हणजे घर. पेशवाईत दुकानांवर व धंद्यांवर मोहतर्फा बसे, तेव्हा कोणत्या पेठेत कोण काय विकतो याची नोंद सरकारला ठेवावीच लागे. हेतू अर्थात कराचा होता. पेशवाई संपताच थॉमस कोट्स या इंग्रज डॉक्टरने पुण्याजवळच्या लोणी गावाची बारकाईने पाहणी केली व ती १८२३ साली प्रसिद्ध झाली. शेत, अवजारे, घरातील वस्तू, खाणेपिणे, कर्ज असे सारे त्यात आले. तेच लोणीकंद पुन्हा पाहून समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी १९६० मध्ये सव्वाशे वर्षांनंतरचे चित्र पुस्तकरूपाने मांडले. एका गावाचे असे भाग्य क्वचितच उजळते.

आमचा कानडा जिल्हा १८६२ साली मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला. १८७२ ची शिरगणती आणि १७ फेब्रुवारी १८८१ ची, सबंध हिंदुस्थानात एकाच वेळी झालेली पहिली शिरगणती, या दोहोंत आमची डोकी मुंबई सरकारच्या वहीत पडली. पाठोपाठ १८८३ मध्ये जेम्स कॅम्बेल यांच्या गॅझेटियरचा कानडा खंड निघाला. त्यातली लोकवर्णने मी विद्यार्थ्यांना अधूनमधून वाचून दाखवितो. कोणती जात कशा घरात राहते, काय खाते, काय नेसते, हे त्यात ओळीने दिलेले आहे. आजच्या भाषेत बोलायचे तर ती ग्राहकांची यादीच आहे! फरक इतकाच की कॅम्बेलसाहेबांनी माणसे जातीने लावली, वस्तीने लावली नाहीत.

वस्तीने लावण्याची कल्पना लंडनची. चार्ल्स बूथ या जहाजधंद्यातल्या गृहस्थाने १८८९ पासून लंडनच्या गरिबीचे नकाशे छापले. रस्त्यारस्त्याला रंग दिला. अगदी दरिद्री गल्ली काळी, सुखवस्तू वस्ती तांबडी, श्रीमंतांची पिवळी. त्याच सुमारास, १८९० च्या अमेरिकन जनगणनेसाठी हर्मन होलेरिथ याने भोके पाडलेल्या कार्डांचे यंत्र वापरले. त्याच्या धंद्यातून पुढे आय.बी.एम. ही कंपनी उभी राहिली. या दोन गोष्टींची गाठ पडायला मात्र जवळजवळ ऐंशी वर्षे लागली. १९७० च्या दशकात अमेरिकेत जोनाथन रॉबिन व इंग्लंडात रिचर्ड वेबर यांनी जनगणनेचे आकडे संगणकात घालून मोहल्ल्यांचे प्रकार पाडले. तरुण जोडप्यांची वस्ती, निवृत्तांची वस्ती, कामगारांची वस्ती अशी नावे देऊन ही यादी कंपन्यांना विकता येऊ लागली. आपल्या शेजाऱ्यासारखे आपण वागतो, हे त्यामागचे गृहीतक. वेबर यांच्या हाती इंग्रजी जनगणनेचे लहान लहान गट होते, शे-दोनशे घरांचे. हे लक्षात ठेवण्यासारखे आहे, कारण आपल्याकडे घोडे तेथेच अडते.

महाराष्ट्रात हे काम धंद्यासाठी नव्हे, ज्ञानासाठी सुरू झाले. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळ यांनी १९३३ सालीच पुण्यातल्या फळबाजाराचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि पुणे शहराच्या आर्थिक-सामाजिक पाहणीचे दोन भाग १९४५ व १९५२ मध्ये काढले. जनगणना मिळकत विचारीत नाही. तेव्हा घरोघर जाऊन मिळकत विचारणे ही त्यांची खरी भर. एखाद्या गल्लीत किती लोक राहतात हे कळल्याने त्यांच्या खिशात काय आहे ते कळत नाही, हे गाडगिळांना पक्के ठाऊक होते.

पुढे जाहिरातीचा धंदा वाढला. हिंदुस्थान थॉम्सन या जाहिरात कंपनीने १९७२ मध्ये खेड्यांच्या बाजारपेठेचा एक निर्देशांक तयार केला व १९८६ मध्ये तो सुधारला. जिल्हा हे त्याचे माप. निवडलेल्या दहा निकषांत ओलिताचे क्षेत्र, खतांचा खप, ट्रॅक्टर, पंप, बँकांतील ठेवी आणि वीज पोचलेली खेडी हे प्रमुख. ऊसपट्ट्याला हे माप बरोबर बसते. आमच्याकडे ते लावून पाहा! जोयडा तालुक्यात जंगल अधिक, शेत कमी, ट्रॅक्टर फिरवायला जागा नाही. शिवाय कारवार-कुमठ्याचा किनारा, शिरशीच्या सुपारीच्या बागा आणि आमचे कुणबी व गवळीवाडे हे सगळे एका जिल्ह्याच्या सरासरीत ढवळले जाते. ताकात पाणी किती हे पेला पाहून कसे सांगावे?

तालुका सोडून गाव धरले तरी अडचण संपत नाही. जनगणना ग्रामीण भागात आकडे छापते ते महसुली गावाचे. आमच्याकडे एका महसुली गावात पाच-सहा वाड्या, मध्ये ओढे आणि डोंगर. वाडीचा आकडा वेगळा मिळत नाही. गणेशगुडीचे उदाहरण तर पाठ्यपुस्तकात घालण्यासारखे आहे. काळी नदीवर १०१ मीटर उंचीचे सुपा धरण बांधायला घेतले तेव्हा येथे प्रकल्पाची वसाहत उभी राहिली. बाहेरून मजूर, गवंडी, ट्रकवाले, इंजिनिअर आले. काळी आणि पांढरी नद्यांच्या संगमावरचे जुने सुपे पाण्याखाली गेले, तेथल्या विस्थापितांना रामनगरला जागा मिळाली, कचेऱ्या जोयड्याला गेल्या. १९८७ मध्ये धरण पुरे झाले आणि मजूर पांगले. दर दहा वर्षांनी एकदा काढलेल्या फोटोत ही भरती-ओहोटी कशी दिसणार? २०११ च्या जनगणनेनेही आमच्या तालुक्याचे नाव 'सुपा' असेच छापले. ज्या गावाचे ते नाव, तेथे आता मासे फिरतात.

१९३१ साली विल्यम रायली या अमेरिकन प्राध्यापकाने बाजाराच्या ओढीचा एक नियम पुस्तकात मांडला. दोन शहरे मधल्या गावाचे गिऱ्हाईक ओढतात ते लोकसंख्येच्या प्रमाणात आणि अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात. एक बाजार लोकसंख्येने चौपट पण दुप्पट लांब असेल, तर ओढ सारखीच. नववीच्या वर्गात हे गणित मी फळ्यावर घालतो. दांडेलीला कागद गिरणी आली, १९५० च्या दशकानंतर ते शहर वाढले, तेव्हा ओढ दांडेलीची असणार हे उत्तर मुले लगेच देतात. एकदा एका मुलीने विचारले, "सर, उधार कोण देतो ते ह्यात कोठे धरायचे?" मी खडू खाली ठेवला. बस किती वाजता परतते, दुकानदार आपल्या बोलीत बोलतो का आणि पावसाळ्यात उधार मिळते का, या तीन गोष्टींवर आमच्या वाड्यांचा बाजार ठरतो. रायलीसाहेबांच्या टेक्सासात बहुधा पाऊस इतका पडत नसावा.

आता मला थोडे माझ्या पदरचे सांगितले पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका कंपनीचा तरुण प्रतिनिधी शाळेत आला. हातात जनगणनेतून काढलेली गावांची यादी. दोन हजारांखालच्या गावांवर त्याने तांबडी रेघ मारलेली होती. या भागाची माहिती सांगा, म्हणाला. मी मुख्याध्यापकी थाटात कपाट उघडले आणि त्याचे आकडे बरोबर आहेत असा निर्वाळा दिला. तो समाधानाने उठला. जाताना मी त्याला आमच्या बाजारातल्या एका जुन्या दुकानदारांकडे चहाला नेले, इतकेच माझ्या हातून बरे घडले.

दुकानदारकाकांनी यादी चष्मा लावून पाहिली आणि विचारले, "साहेब, ह्यात चुली किती ते कोठे आहे?" मुलाला कळेना. काका म्हणाले, "चार भाऊ एका चुलीवर असले तर घरात साबणाची एक वडी, मिठाची एक पुडी. वेगळे झाले की चार. माणसे तेवढीच. मी गेली तीस वर्षे वेगळ्या झालेल्या चुलींवर दुकान चालवतो आहे."

मी चपापलो, कारण हा आकडा यादीत होता. जनगणनेची कुटुंबाची व्याख्याच अशी आहे की एका स्वयंपाकघरात जेवणारी, एरवी एकत्र राहणारी माणसे म्हणजे एक कुटुंब. चूलच ती! लोकसंख्येच्या शेजारच्या रकान्यात कुटुंबसंख्या छापलेली असते. मी स्वतः दोनदा प्रगणक म्हणून ती भरली होती, आणि त्या मुलाला दाखवायचे मला सुचले नाही. देशाचेच पाहा. २००१ ते २०११ या दहा वर्षांत डोकी वाढली सुमारे १७.७ टक्के. कुटुंबे सुमारे १९ कोटी २० लाखांवरून २४ कोटी ६७ लाखांवर गेली, म्हणजे सुमारे २८ टक्के वाढ. विकणाऱ्याने पाहायचा आकडा तो होता. वस्तूंचेही तसेच. त्या दहा वर्षांत टेलिफोन असलेली घरे ९.१ टक्क्यांवरून ६३.२ टक्क्यांवर गेली, टीव्ही असलेली ३१.६ वरून ४७.२ वर; सायकल मात्र ४३.७ वरून ४४.८ वर रेंगाळली.

डोक्यांची रेघ फक्त कंपन्याच मारतात असे नाही. पंतप्रधान ग्रामसडक योजना २००० च्या डिसेंबरात सुरू झाली तेव्हा सपाट प्रदेशात ५०० लोकांची वस्ती आणि डोंगरी राज्ये, वाळवंट व अनुसूचित क्षेत्रांत २५० ची वस्ती, अशी मर्यादा होती. कर्नाटकात अनुसूचित क्षेत्र घोषित नाही आणि हे डोंगरी राज्यही नव्हे. त्यामुळे आमचे सह्याद्रीचे चढ कागदावर सपाट! बँकांनाही मार्च २०१२ पर्यंत आधी दोन हजारांवरची खेडी गाठायला सांगण्यात आले होते. ज्या वाडीत पंचवीस चुली, त्यांनी काय करावे? रस्ता नाही म्हणून दुकान नाही, दुकान नाही म्हणून बाजार नाही, बाजार नाही म्हणून ती कोणाच्या यादीत नाही. त्यातली तरुण मुले गोव्यात कामाला. ती मोजली जातात तेथे, आणि चतुर्थीला पैसे घेऊन येतात येथे.

यात जनगणनेला दोष देण्याचा माझा हेतू नाही. त्या वाडीत माझ्याआधी कोणत्याही कंपनीचा माणूस गेलेला नव्हता; गेला तो जनगणनेचा कागद. १९४८ च्या कायद्याने त्यावरचे एकेका घराचे उत्तर गुप्त राहते, म्हणूनच लोक मोकळेपणी बोलतात. २०२१ ची गणती करोनामुळे वेळेवर झाली नाही. २०२५ च्या जूनमध्ये नवी अधिसूचना निघाली आणि मोजणीचा दिनांक १ मार्च २०२७ ठरला.

त्या दिवशी प्रतिनिधी गेल्यावर काकांनी गल्ल्याखालची जुनी लाल वही काढून दाखविली. धरणाच्या कामाच्या वेळची. पाने वाडीवार लावलेली, शेवटची मजुरांच्या चाळींची. पगाराच्या दिवशी येथे पाय ठेवायला जागा नसे, म्हणाले. बऱ्याच नावांपुढे बाकी तशीच होती. माणसे काम संपल्यावर गेली, कोठे ते काकांना ठाऊक नव्हते. एका नावापुढे मात्र, धरण पुरे झाल्यावर पुष्कळ दिवसांनी, निराळ्या शाईने 'मनिऑर्डरने जमा' असे लिहिलेले होते.