घाटाचें इंजिन आणि घरचा संगणक

पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्यांस कर्जत स्थानकांत मागच्या बाजूनें जादा इंजिनें जोडतात. बोर घाटाची चढण सदतिसांस एक; म्हणजे गाडी सदतीस फूट पुढें सरकते तेव्हां एक फूट वर चढते. ती एका इंजिनास पेलत नाहीं. परंतु तेवढ्यासाठीं मुंबईपासूनच सर्व इंजिनें लावून गाडी हांकण्याचा खर्च रेल्वे करीत नाहीं. जेथें अडतें तेथें बळ जोडावें आणि चढण सरली कीं सोडवून घ्यावें, असा हा काटकसरीचा व्यवहार आहे.

ह्या घाटमार्गाचा इतिहास म्हणजे अडथळे एकामागून एक दूर करण्याचा इतिहास होय. १८६३ सालीं मार्ग खुला झाला तेव्हां खंडाळ्याजवळ गाडी थांबवून तिची दिशा उलट करावी लागे. इंजिनें कितीही जोरकस आणलीं तरी ती गांठ त्यांनीं सुटण्यासारखी नव्हती. १९२९ सालीं नवी वाट काढून ती सोडविण्यांत आली. त्याच सुमारास कल्याण-पुणें मार्गावर विजेचीं इंजिनें आलीं. त्यांच्यासाठीं ठाकुर्लीस वीजघर उभारावें लागलें.

थोडक्या पैशांत खेळाचा संगणक सुधारूं पाहणाऱ्यास हीच रीत लागू पडते. १९८१ सालीं आय. बी. एम. कंपनीनें आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारांत आणला, तेव्हां त्यांत जादा कार्डें बसविण्यासाठीं खांचा ठेवल्या होत्या. इतर कारखानदारांनीं त्या खांचांत बसणारे भाग बनविले, आणि संगणक ही जुळणीची वस्तु झाली. भारतांत नोव्हेंबर १९८४ च्या धोरणानें आयात सुलभ झाली. मुंबईंतील लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, ही सुट्या भागांची प्रसिद्ध पेठ बनली. खोपोली-कर्जतच्या लोकलनें दादरला उतरून ग्रँट रोड गांठणाऱ्या तरुणाच्या खिशांत सबंध नव्या यंत्राचे पैसे क्वचितच असतात; असतात ते एखाददुसऱ्या भागाचे. घरच्यांनीं पोटास चिमटा घेऊन दिलेला तो पैसा भलत्या भागावर गेला, तर पुन्हां वर्षभर वाट पाहावी लागते.

खेळांतील चित्रें रंगविणें ही संगणकाची घाटाची चढण होय. १९९६ सालीं थ्रीडीएफएक्स कंपनीनें काढलेलें व्हूडू कार्ड तर हुबेहूब कर्जतचें जादा इंजिन होतें. नेहमींचें काम जुनें कार्ड करी. खेळ सुरू झाला कीं चित्रांचा भार व्हूडू उचली, आणि खेळ संपतांच बाजूस होई. पुढें दोन्हीं कामें एकाच ग्राफिक कार्डांत आलीं.

मात्र प्रत्येक वेळीं अडचण ह्याच कार्डांत असते असें नाहीं. तिची परीक्षा सोपी आहे. खेळाचें रिझोल्यूशन उतरवून पाहावें. गति वाढली तर भार ग्राफिक कार्डावर आहे. न वाढली तर बहुधा प्रोसेसर मागें पडत आहे. रॅमची एकच पट्टी असेल तर तिच्या जोडीची दुसरी घातल्यानें ये-जा करण्याची वाट दुहेरी होते, आणि खर्चही बेताचा येतो. एस. एस. डी. बसविल्यास खेळ लवकर उघडतो, परंतु चित्रांची गति तिनें सहसा वाढत नाहीं. नवें कार्ड घेण्यापूर्वीं पॉवर सप्लायची ताकद पाहणें अगत्याचें. ठाकुर्लीचा धडा तोच आहे.

जुन्या मदरबोर्डाचाही तिरस्कार करूं नये. ए. एम. डी. कंपनीची ए. एम. ४ बैठक २०१६ सालची. तिच्यावरील अनेक बोर्डांत बायोस अद्ययावत केल्यावर २०२२ सालचे प्रोसेसरही चालतात. बाजाराची वेळही पाहावी लागते. २०२१ सालीं इथेरियमच्या खाणकामामुळें ग्राफिक कार्डें विलक्षण महागलीं. सप्टेंबर २०२२ मध्यें तें खाणकाम बंद पडतांच वापरलेलीं कार्डें विक्रीस आलीं. अशीं कार्डें डोळ्यांदेखत चालवून, तापमान पाहून मगच घ्यावीं.

थोड्या पैशांचें सामर्थ्य तो कोठें लावला ह्यावर ठरतें. घाट चढविणाऱ्यांनीं चढणीची मोजदाद आधीं केली आणि इंजिन मागाहून निवडलें. घरच्या संगणकासही तोच क्रम हितावह आहे.