पुष्कळ म्हणजे नेमकं किती?

सांगलीहून तासगावच्या रस्त्याला लागलं की आधी माधवनगर येतं, मग बुधगाव, पुढे कवलापूर. वाटेत कुणालाही विचारा, "माधवनगर किती लांब हो?" उत्तर येतं, "लांब कुठलं, हितंच की." या 'हितंच'मध्ये किलोमीटर नसतात. सांगणारा आधी तुमच्याकडे बघतो. तुम्ही पायी आहात की गाडीवर, हातात ओझं आहे का, सोबत म्हातारं माणूस आहे का, हे बघून तो 'लांब' की 'हितंच' ते ठरवतो. फोनमधल्या नकाशाला रस्ता कळतो, वाहनही कळतं. पण चालणाऱ्याचे पाय दुखतात की नाही, ते त्याला कळत नाही.

'फार', 'लांब', 'बराच वेळ' हे सांगायला मराठीकडे शब्दांचा साठा आहे. त्यातले बरेचसे शब्द एकेकाळी चक्क मापं होती. आज आपण ती मोघम वापरतो.

'घटकाभर बस की' म्हणताना कुणी घड्याळ बघत नाही. पण घटका म्हणजे बरोबर २४ मिनिटं. ६० पळांची एक घटका, ६० घटकांचा एक दिवस. तळाला बारीक भोक असलेलं घटिकापात्र पाण्यात सोडायचं, ते भरून बुडालं की घटका भरली. 'घटका भरली' हे शब्द मरणासाठी वापरले जातात, तेही तिथूनच आले. साडेसात घटकांचा, म्हणजे तीन तासांचा एक प्रहर. बारा वर्षांचं एक तप. 'तपानंतर भेटलो' म्हणणारा सहसा वर्षं मोजत नाही, त्याला फक्त 'फार दिवसांनी' म्हणायचं असतं.

शेतात घटिकापात्र नव्हतं. तिथे 'दिवस कासराभर वर आला' म्हणायचे. कासरा म्हणजे बैलाला बांधायचा दोर. क्षितिजापासून सूर्यापर्यंत तेवढा दोर लागेल इतका दिवस चढला, असा अर्थ. अंतर हाकेवर मोजलं जायचं, विहिरीची खोली परसांत, म्हणजे माणसाच्या उंचीवर. माप घ्यायला वेगळं साधन लागत नव्हतं. गळा, हात आणि हातातला दोर पुरे होता.

'पुष्कळ' या शब्दाची गोष्ट तर याहून मजेची आहे. संस्कृतात 'पुष्कल' म्हणजे विपुल, पण धान्याच्या एका मापाचंही ते नाव होतं. आठ मुठींची एक कुंची, आठ कुंचींचं एक पुष्कल. म्हणजे ६४ मुठी. आज 'पुष्कळ झालं, आता नको' म्हणत आपण ताटावर हात आडवा धरतो, तेव्हा या मुठी कुणाच्या ध्यानात नसतात.

'खंडीभर कामं पडलीत' यातली खंडी २० मणांची. 'तसूभरही हटणार नाही' यातला तसू म्हणजे गजाचा चोविसावा भाग. 'तोळामासा तब्येत' यातला मासा तोळ्याचा बारावा भाग, सोनाराच्या तराजूतून थेट आजाऱ्याच्या अंथरुणावर आलेला. 'बेसुमार' आणि 'बेहद्द' फारसीच्या वाटेने आले. एकाचा अर्थ मोजदाद नसलेलं, दुसऱ्याचा सीमा नसलेलं. 'अमाप' हा आपल्याकडचा शब्दही तेच म्हणतो, माप नाही असं. म्हणजे 'खूप' सांगायच्या दोन रीती झाल्या. एक तर मोठं माप घ्यायचं, नाहीतर मापच नाही म्हणायचं.

ही मापं बाजारातून बोलण्यात कशी गेली? त्यांची जागा दुसऱ्यांनी घेतली म्हणून. हात कुणाचा, पायली कुणाची, यावर जुन्या मापात सगळं अवलंबून असायचं, आणि मापणारा बलवान असला की माप त्याच्या बाजूने झुकायचं. म्हणूनच राज्यकर्त्यांना एकसारखं माप हवं असायचं. शिवकाळात जमीन मोजायची काठी पाच हात पाच मुठींची ठरली. २० काठ्यांचा एक पांड, २० पांडांचा बिघा, १२० बिघ्यांचा चावर. पुढे इंग्रजी मोजणीने एकर आणला. त्याचे ४० गुंठे. चावर गेला, पण गुंठा टिकला, इतका की शहराजवळच्या जमिनी विकून गळ्यात सोनं घालणाऱ्याला आज 'गुंठामंत्री' म्हणतात.

वेळेचंही तेच झालं. १ जानेवारी १९०६ पासून देशभर एक प्रमाणवेळ आली. मुंबईची स्वतःची वेळ तिच्यापेक्षा ३९ मिनिटं मागे होती, आणि ती शहरात १९५५ पर्यंत टिकून राहिली. मग १९५६चा वजनमापांचा कायदा आला. १ एप्रिल १९५७ला दशमान नाणी आली. शेर, मण, कोस, मैल हळूहळू व्यवहारातून बाहेर पडले. पण 'सोळा आणे खरं' राहिलं, 'मैलाचा दगड' राहिला. व्यवहारातून सुटलेलं माप भाषेत आलं, आणि तिथे त्याला नेमकेपणाची सक्ती उरली नाही.

इथवर हे सगळं गमतीचं. पण मोघम शब्दाची किंमत मोजावी लागते, अशाही जागा आहेत. शेतावर जायच्या वाटेचा वाद घ्या. शेजाऱ्याने बांधावरची वाट अडवली की म्हातारा सांगतो, "ही वाट पूर्वापार हाय." 'पूर्वापार' हा त्याच्या दृष्टीने सगळ्यात भक्कम शब्द, बापजाद्यांच्या पावलांनी सिद्ध झालेला. पण १९०६च्या मामलेदार न्यायालय कायद्यात विचारलं जातं ते वेगळंच: वाट कधी अडवली? अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा हवा. 'बरेच दिवस झाले' म्हणणाऱ्याची तारीख तिथे निघून गेलेली असते. पिढ्यान् पिढ्यांची वहिवाट सहा महिन्यांच्या हिशेबात अडकते.

दुसरी जागा कृष्णेकाठची. १९२९ साली झालेल्या सांगलीच्या आयर्विन पुलावर पाण्याची पातळी आजही फुटांत वाचतात. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. देश मीटरमध्ये गेला तरी पावसाळ्यात इथल्या घरांत फूटच मोजले जातात. २०१९ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. त्या दिवसांत 'पाणी लई आलंय' हे वाक्य कामाचं नव्हतं. लई म्हणजे किती, हे कळल्याशिवाय जनावरं कधी सोडायची, धान्य कुठे हलवायचं, घर कधी सोडायचं, हे ठरत नाही. आकड्याने माणसं वाचतात.

म्हणून 'लई', 'पुष्कळ', 'हितंच' हे शब्द कच्चे आहेत असं नाही. ते ऐकणाऱ्याला धीर देतात, आग्रह करतात, पाय उचलायला लावतात. दोन माणसांत विश्वास असेल तिथे त्यांच्याइतकं चोख काही नाही. कागद समोर आला, नदी चढू लागली, किंवा समोरचा आपल्याहून बलवान असला, की मात्र आकडा हवा. घरातली म्हातारी माणसं 'पूर्वापार' म्हणतील, तेव्हा शेजारी बसून त्यांना विचारा, "आजोबा, कुठल्या सालापासून?" आणि ते सांगतील ते फोनमध्ये लिहून ठेवा.