कोरोना एकल महिला

कोविड-१९च्या साथीत पतीचा मृत्यू झालेल्या स्त्रियांसाठी महाराष्ट्रात रूढ झालेली संज्ञा. या साथीत स्त्रियांपेक्षा पुरुष अधिक दगावले. २०२१च्या उन्हाळ्यातील दुसऱ्या लाटेत त्यांत कमावत्या वयाचेही अनेक होते. लहान मुले, वृद्ध सासू-सासरे आणि दवाखान्याच्या बिलापायी झालेले कर्ज असे सारे अनेक तरुण स्त्रियांच्या अंगावर एकदमच आले.

शुश्रूषेचा भार त्याआधीचा. २०१९च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्या बिनपगारी कामाला दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत असल्याचे आढळले, पुरुष ९७. टाळेबंदीत शाळा घरात आली, गृहविलगीकरणामुळे रुग्णही घरातच राहिला. त्याचा ऑक्सिजन मोजणे, ताट-अंथरूण वेगळे ठेवणे हे बहुधा बाईकडेच गेले, ती स्वतः तापाने फणफणलेली असली तरी. सरकारी मदतीच्या हिशेबात हे श्रम कुठेच धरलेले नव्हते.

केंद्राने एप्रिल ते जून २०२०मध्ये महिलांच्या जनधन खात्यांवर दरमहा ५०० रु. जमा केले. मृतांच्या वारसांना ५०,००० रु. सानुग्रह साहाय्य मिळू लागले ते सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर. कित्येक मृत्युदाखल्यांवर कोरोनाची नोंदच नव्हती. तेवढ्या कारणावरून मदत नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने ऑक्टोबर २०२१मध्ये बजावले.

राज्याने ऑगस्ट २०२१मध्ये ‘मिशन वात्सल्य’ सुरू केले. तालुका पातळीवर या स्त्रियांची नोंद करून त्यांना वारसदाखला, शिधापत्रिका आणि निरनिराळ्या योजनांचे लाभ मिळवून द्यायचे, हा त्याचा हेतू. कल्पना योग्यच होती, पण योजना जुन्याच. संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान तेव्हा दरमहा सुमारे १,००० रु. होते आणि त्यासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रु., म्हणजे महिना १,७५० रु. होती. नियमित मजुरीला जाणारी बाईसुद्धा या अटीत बसत नव्हती. आई-वडील दोघेही गमावलेल्या बालकाच्या नावे राज्याने ५ लाख रु.ची मुदतठेव ठेवली. आई हयात असलेल्यांना ती लागू नव्हती; त्यांना बालसंगोपन योजनेचा आधार होता.

हेरंब कुलकर्णी यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या कोरोना एकल महिला पुनर्वसन समितीने या स्त्रियांच्या वारसाहक्काचा, कर्जाचा आणि रोजगाराचा प्रश्न सरकारपुढे लावून धरला.